लहान मुलांचा घसा आणि मेंदू

मुलाचा घसा दुखूं लागला म्हणजे आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या देतों; चार दिवसांत ताप उतरतो आणि मूल शाळेंत जाऊं लागतें. बहुतेक वेळां एवढ्यानें भागतें, कारण घशाचे बहुसंख्य विकार विषाणूंमुळें होतात व आपोआप बरे होतात. परंतु स्ट्रेप्टोकॉकस नांवाच्या जंतूंच्या एका जातीमुळें घसा सुजला असेल, तर क्वचित् प्रसंगीं त्याचा परिणाम पुढें मेंदूवर दिसून येतो. त्याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

या विकाराला सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. थॉमस सिडनहॅम या इंग्लिश वैद्यानें १६८६ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. घशांतील जंतूंशीं त्याचा असलेला संबंध कळावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

हा विकार बहुधा ५ ते १५ वर्षांच्या वयांत होतो, आणि मुलग्यांपेक्षां मुलींना अधिक होतो. घसा बरा होऊन एक ते सहा महिने लोटलेले असतात. म्हणून आईबापांच्या मनांत दोहोंचा संबंध येतच नाहीं. हात, पाय, खांदे, चेहरा यांना मधूनच झटके बसतात. हातांतला पेला पडतो, गुंडी लावतां येत नाहीं, बोलणें अडखळतें, विनाकारण रडूं कोसळतें. मूल झोपलें म्हणजे मात्र हें सारें थांबतें.

माझा सारा जन्म शाळेंत गेला, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतों. या रोगाची पहिली नोंद पुष्कळदां मुलाच्या वहींत होते. ज्याचें अक्षर काल सुवाच्य होतें, त्याच्या ओळी एकाएकीं वांकड्या होतात. अशा मुलाला पूर्वीं छडी मिळे, आतां बोलणीं मिळतात. दोन्ही सारखींच अन्यायाचीं. शंका आल्यास तीन महिन्यांपूर्वींची वही आजच्या वहीशेजारीं ठेवावी. मुलाला आपलीं दोन बोटें घट्ट धरावयास सांगावें. गाईचें दूध काढावें तशी त्याची पकड आवळत आणि सुटत राहिली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यांत दिवस दवडणें तर सर्वथा अयोग्य होय.

हें घडतें कसें? जंतूंशीं लढण्यासाठीं शरीर रक्तांत प्रतिद्रव्यें निर्माण करतें. मेंदूच्या खोल भागांत हालचालींचें नियमन करणारीं कांहीं केंद्रें आहेत. तेथील कांहीं घटक या जंतूंच्या घटकांसारखे दिसतात. चोरासारखा अंगरखा घातलेल्या सज्जनास शिपायानें पकडावें, तशीं हीं प्रतिद्रव्यें त्या केंद्रांवरच चालून जातात.

सुदैवानें हा विकार बहुतेक मुलांत कांहीं महिन्यांत ओसरतो. खरा धोका हृदयाला आहे. कोरिया हें ऱ्हुमॅटिक ज्वराचेंच एक रूप असून त्यांत हृदयाच्या झडपांना इजा होण्याचा संभव असतो. ती इजा कित्येकदां छातीला नळी लावून ऐकूं येत नाहीं. म्हणून एको नांवाची तपासणी अवश्य करवून घ्यावी. शिवाय, घशाचा तोच विकार पुन्हां झाला तर हृदयाची हानि वाढते. ती टाळण्यासाठीं दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई निदान ५ वर्षें, आणि बहुधा वयाच्या विशीपर्यंत, घ्यावी लागते. झडपा बिघडल्या असल्यास त्याहूनही अधिक काळ. मूल बरें दिसतें म्हणून पालक ही सुई बंद करतात, आणि तेथेंच घात होतो.

१९९८ सालीं अमेरिकेंत डॉ. सूझन स्वीडो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधलें. घशाच्या अशा विकारानंतर कांहीं मुलांना एकाएकीं पुनःपुन्हां हात धुण्यासारखे छंद जडतात किंवा डोळे-मान उडूं लागतात. त्याविषयीं तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

उपाय मात्र जुना आणि स्वस्त आहे. खोकला किंवा सर्दी नसतां एकाएकीं ताप येऊन घसा दुखूं लागला व मानेच्या गांठी सुजून दुखूं लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावें. त्यांनीं पेनिसिलिन दहा दिवस घ्यावयास सांगितलें, तर तिसऱ्या दिवशीं ताप उतरला म्हणून तें सोडूं नये. उरलेल्या सात दिवसांच्या गोळ्या घशासाठीं नसून मुलाच्या हृदयासाठीं व मेंदूसाठीं आहेत, एवढें प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावें.