विश्लेषण : लॅपटॉप पडला, तरी सुरू होतोय, मग धोका टळला का?

टेबलाच्या कडेवरून सरकून, बॅगेची चेन उघडी राहून किंवा चार्जरच्या वायरीत पाय अडकून लॅपटॉप खाली पडतो. उचलून पाहिले आणि स्क्रीन उजळली, की बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकून पुन्हा कामाला लागतात. मात्र पडल्यानंतरचे दोन मोठे धोके स्क्रीनवर दिसत नाहीत. एक बॅटरीचा, दुसरा डेटाचा. फुटलेली स्क्रीन पैसे देऊन बदलता येते. दुकानाचे हिशेब, प्रबंधाची प्रकरणे किंवा मुलांचे फोटो बाजारात विकत मिळत नाहीत. त्यामुळे लॅपटॉप पडल्यावर काय करायचे, यापेक्षाही ते कोणत्या क्रमाने करायचे, हे महत्त्वाचे ठरते.

सर्वांत आधी काय करावे?

चार्जर जोडलेला असेल तर काढावा आणि लॅपटॉप बंद करावा. स्क्रीनवर काहीच दिसत नसेल तर पॉवरचे बटण सुमारे १० सेकंद दाबून ठेवल्यास बहुतेक लॅपटॉप बंद होतात. ‘चालतोय का बघू’ म्हणून तो पुन्हा पुन्हा सुरू करू नये. आत एखादा भाग सैल झाला असेल, तर प्रत्येक वेळी वीज दिल्याने नुकसान वाढू शकते. पडल्या पडल्या सर्व बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. विमा किंवा वॉरंटीचा दावा करताना ते उपयोगी पडतात. लॅपटॉप कार्यालयाचा असेल, तर स्वतः काही न करता त्याच दिवशी आयटी विभागाला कळवावे.

बॅटरीकडे आधी का पाहायचे?

लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण थरांमध्ये अतिशय पातळ पडदा असतो. जोरदार आघाताने तो फाटला किंवा दबला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन बॅटरी तापू लागते. हा परिणाम लगेच दिसेलच असे नाही, काही तासांनी किंवा दिवसांनीही दिसू शकतो.

लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवावा. तो डुगडुगतो का, टचपॅड वर उचलला गेला आहे का, खालचे झाकण फुगले आहे का, हे पाहावे. काम नसतानाही उष्णता जाणवणे, गोडसर रसायनाचा वास किंवा फुसफुस आवाज येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी लॅपटॉप चार्ज करू नये, फुगलेला भाग दाबू नये किंवा टोचू नये. तो पलंग, पडदे, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवावा. धूर दिसल्यास हात न लावता बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. खराब झालेली बॅटरी विमानातून नेण्यास मनाई असते. त्यामुळे असा लॅपटॉप प्रवासात नेऊ नये आणि काही न सांगता कुरिअरनेही पाठवू नये.

यातले काहीच आढळले नाही, तरी पुढचे काही दिवस लॅपटॉप रात्रभर किंवा अंथरुणावर ठेवून चार्ज करू नये.

डेटाला धोका किती?

ते आत कोणती डिस्क आहे यावर अवलंबून आहे. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावर हेड अगदी सूक्ष्म अंतरावर तरंगत असते. चालू असताना लॅपटॉप पडला तर हेड तबकडीवर आदळून ओरखडा उठू शकतो आणि तिथली माहिती कायमची जाते. बंद असताना हेड बाजूला ठेवलेले असते, म्हणून धोका बराच कमी होतो. आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये पडण्याची चाहूल लागताच हेड बाजूला घेणारी यंत्रणा आणली, ती याचसाठी.

नव्या लॅपटॉपमधील एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने ती धक्का चांगला सोसते. पण तिचे कनेक्शन सैल होऊ शकते. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर तिच्या चिप थेट मदरबोर्डवर जोडलेल्या असतात. तिथे मदरबोर्ड गेला, की डेटा काढणे अवघड होते.

बॅकअप कसा घ्यावा?

बॅटरी ठीक वाटत असेल तर लॅपटॉप एकदा सुरू करून सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाऊडवर घ्याव्यात. स्क्रीन काळी असेल तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहावा. टीव्हीवर चित्र आले तर बहुधा दोष फक्त पॅनेल किंवा त्याच्या केबलमध्ये आहे, डेटा शाबूत आहे.

हार्ड डिस्कमधून ‘टक-टक’ किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर तत्काळ बंद करावे. डिस्क दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर चालवू नये. त्याने डिस्कवरचा ताण वाढतो. अशी डिस्क साध्या दुकानात उघडू देऊ नये, कारण धुळीचा कणही तबकडीला घातक ठरतो. हे काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेचे आहे.

विंडोज लॅपटॉपधारकांनी आणखी एक गोष्ट करावी. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. मदरबोर्ड बदलल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. दुरुस्तीला देण्याआधी ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर लिहून ठेवावी.

वॉरंटीत दुरुस्ती होते का?

सहसा नाही. नेहमीची वॉरंटी उत्पादनातील दोषांसाठी असते. पडून झालेले नुकसान त्यात येत नाही. खरेदीवेळी ‘अॅक्सिडेंटल डॅमेज’ संरक्षण वेगळे घेतले असेल तर मात्र दावा करता येतो. त्यात किती दिवसांत कळवायचे आणि स्वतः किती रक्कम भरायची, हे बिलासोबतच्या अटींमध्ये पाहावे. संरक्षण असताना बाहेरच्या दुकानात लॅपटॉप उघडला, तर दावा अडचणीत येऊ शकतो. वैध दावा नाकारला गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

दुरुस्तीला देताना काय काळजी घ्यावी?

लॅपटॉपचा सिरियल नंबर, रॅम आणि डिस्कची क्षमता पावतीवर लिहून घ्यावी. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बदललेले भाग परत मागावेत. स्क्रीन बदलण्यासाठी पासवर्ड देण्याची गरज नसते. बिजागरी सैल झाली असेल तर ती आधी नीट करून घ्यावी. झाकण उघडताना करकर आवाज येत असूनही वापर सुरू ठेवला, तर स्क्रीनची केबल तुटून खर्च वाढतो.

काढलेली जुनी बॅटरी मात्र घरी आणू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन आणि पुनर्प्रक्रिया ही उत्पादकांची जबाबदारी आहे. त्यामुळे ती सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावी.