पितळी इंजिन: आधी सांधणं, मग रंगवणं

दौंड-बारामती रेल्वे 1914 साली सुरू झाली तेव्हा तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. सुमारे 43 किलोमीटरचा तो मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यात भिगवणला रेल्वे भेटते ती दौंड-सोलापूरची मोठी लाइन. त्यामुळे या भागात अडीच फुटी गाडी डोळ्यांसमोर उभी करायची, तर मॉडेलचाच आधार घ्यावा लागतो.

या मापाचं आपल्याकडचं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे 1897 साली धावू लागलेली बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा तिचा कर्ता. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी बांधलेल्या इंजिनांना म्हणूनच आठ जोडचाकं आणि मागे चार लहान चाकं होती. हेच कॅल्थ्रॉपसाहेब पुढे इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचे इंजिनिअर झाले. माप तेच 762, इंजिनंही किटसनचीच. ती रेल्वे 1904 ते 1934 एवढीच चालली, पण तिच्या इंजिनांवर तिथल्या मॉडेलकारांचा अजून जीव आहे. अशा घराण्यातलं एखादं जुनं पितळी इंजिन हाती आलं, रंग उडालेलं आणि चालताना अडखळणारं, तर त्याचं काय करायचं ते पाहू.

आधी माप. 1:76 या प्रमाणात 762 मिलिमीटरचे जवळजवळ 10 मिलिमीटर होतात, पण रूढी 9 मिलिमीटरच्या रुळांची आहे. पुण्यात कोथरूडला 1 एप्रिल 1998 रोजी उघडलेल्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात 1:87 हे प्रमाण आहे, आणि त्यात अडीच फुटांचे पावणेनऊ मिलिमीटर होतात. हा हिशोब रंगाच्या वेळी पुन्हा लागेल.

पहिलं काम रंगाचं नव्हे, मल्टिमीटरचं. पितळ वीज वाहून नेतं, म्हणून अशा इंजिनात बहुधा एका बाजूची चाकं सांगाड्याशी जोडलेली असतात आणि दुसऱ्या बाजूची चाकं आसापासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असतात. तोडलेल्या बाजूला पातळ तार चाकाला घासत राहते आणि मोटरला वीज देते. ब्रेकचा ठोकळा किंवा वाळूची नळी वाकून त्या बाजूच्या चाकाला टेकली, की शॉर्ट. अडखळणाऱ्या इंजिनांत हा दोष फार वेळा निघतो, आणि तो चिमट्याने दोन मिनिटांत जातो. मोटर जळाली असं ठरवण्याआधी हे तपासाच.

त्यानंतर मोटर काढून सांगाडा नुसता काचेवर ढकलून पाहायचा. एका बाजूचा क्रँक वर असताना दुसऱ्या बाजूचा 90 अंशांनी पुढे किंवा मागे हवा, आणि हा कोन सगळ्या आसांवर तंतोतंत सारखा हवा. एक आस जरी किंचित फिरला असेल, तर जोडदांडा दर फेऱ्याला एकाच जागी अडतो. आठ जोडचाकं असतील तर दांडे एकदम लावू नयेत. पहिले दोन आस जुळवावेत, सांगाडा मोकळा पळू लागला की तिसरा, मग चौथा. दांड्याचं भोक कानस घेऊन मोठं करण्याचा मोह इथे होतो. तो आवरावा, कारण मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही.

आता सांधकाम. रेडिएटरवाला किंवा जुना तांबट सहज डाग देतो ते पाहून काम सोपं वाटतं, पण इतक्या लहान वस्तूत अडचण वेगळीच असते: पितळात उष्णता पोलादाच्या दुपटीहून जास्त वेगाने पसरते. चिमणीचा तुकडा बसवायला जावं, तोवर शेजारची वाफेची घुमटी सुटून हातात येते. रेडिओ दुरुस्तीची 25 वॉटची डागणी (सोल्डरिंग आयर्न) अपुरी पडते. ती बराच वेळ टेकवून ठेवावी लागते आणि तेवढ्या वेळात सगळं बॉयलर तापतं. त्यापेक्षा 60 ते 100 वॉटची, रुंद टोकाची डागणी घ्यावी, क्षणभर टेकवावी आणि उचलावी. शेजारच्या सांध्यांवर ओल्या टिश्यू पेपरची घडी ठेवली की ते वाचतात. गॅसची ज्योत जुन्या मॉडेलवर आणूच नये.

कथील-शिशाचा 60-40 मिश्रधातू 183 अंशांना मऊ होऊ लागतो आणि 190 च्या आसपास पूर्ण वितळतो. चांदीचा डाग लागायला सहाशेच्या वर जावं लागतं. म्हणून नवीन भाग जोडायचा असेल तर जास्त तापमानाचा सांधा आधी, कमी तापमानाचा नंतर. शिशाचं काम खिडकी उघडी ठेवून करावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

सांधा धरतो तो खरा फ्लक्समुळे. कल्हईवाला भांड्यावर नवसागर टाकतो त्याचं कारणही हेच: धातूवरचा गंज निघाल्याशिवाय कथील चिकटत नाही. पितळाला आम्लाचा फ्लक्स उत्तम, पण तो मागे राहिला तर काही महिन्यांनी रंगाखालून हिरवट फोड उठतात. म्हणून प्रत्येक दिवसाचं काम संपलं की गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन कोपरान्कोपरा घासायचा. उद्यावर टाकायचं नाही.

जुना रंग काढायची वेळ सांधकामाच्या आधी येते. मोटर, प्लॅस्टिकचे भाग, चाकं वेगळी करावीत. ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सैल होतो. हट्टी इनॅमलला डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातला पेंट रिमूव्हर लागतो, तो हातमोजे घालून, उघड्यावर वापरावा. कॉस्टिक सोडा टाळावा, कारण जस्ताचे आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग तो खातो.

मग येते ती पायरी जी बहुतेक जण गाळतात. घरातल्या पितळेला आपण चिंच लावतो, तसं इथे सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी चालतं. काही मिनिटांत काळपटपणा जातो. पण जास्त वेळ ठेवलं तर पितळ गुलाबी दिसू लागतं. आम्लाने वरच्या थरातलं जस्त विरघळतं आणि तांबं उरतं. हा थर दुबळा असतो, त्यावरचा रंग नखाने निघतो. गुलाबी झाक दिसली की 600 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने किंवा काचतंतूच्या ब्रशने हलक्या हाताने ती काढून पिवळं पितळ वर आणायचं. इकडच्या बोअरचं पाणी क्षारांचं असतं आणि सुकल्यावर पांढरे ठिपके ठेवतं. त्यामुळे शेवटचं धुणं बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने करावं. त्यानंतर उघड्या बोटाने स्पर्श नाही.

साधा प्रायमर पितळावर फार काळ टिकत नाही. मोटारीच्या रंगकामातला वॉश प्रायमर, ज्यात थोडं आम्ल असतं आणि जो धातूला चावून बसतो, तो पातळ फवारावा. त्यातून पितळाचा रंग अंधुक दिसत राहिला तरी चालतं. आता तो हिशोब: 1:76 मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका रंग म्हणजे खऱ्या इंजिनावर साडेसात मिलिमीटरचं लिंपण. रिव्हेटची डोकी त्यात बुडतात. म्हणून 0.3 मिलिमीटर नोझलचा एअरब्रश, 15 ते 20 पीएसआय दाब आणि तीन-चार विरळ हात. ब्रशने रंगवलेलं इंजिन मला तरी कधी पटलेलं नाही.

हवामानाच्या बाबतीत बारामती-इंदापूरकर सुदैवी आहेत. पर्जन्यछायेच्या कोरड्या हवेत, कोकणात होतो तसा थिनर उडताना रंग पांढुरका होण्याचा त्रास कमी. त्रास आहे तो धुळीचा, आणि उसाच्या गाळपाच्या दिवसांत काजळीचा. जमिनीवर पाणी शिंपडून, पंखा बंद ठेवून फवारावं आणि लगेच वर डबा पालथा घालावा. रंग लवकर कडक व्हावा म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचं असेल तर 50-60 अंशांवर जाऊ नये. पांढऱ्या धातूचे भाग जोडायचा खास डाग 70 अंशांनाच वितळतो.

काळं इंजिन निव्वळ काळ्याने रंगवू नये. लहान वस्तूवर शुद्ध काळ्यात तपशील हरवतात. थोडा तपकिरी आणि राखाडी मिसळला की कडा, झाकणं, बिजागऱ्या दिसू लागतात. धुराच्या पेटीला मात्र मॅट, गडद काळा. चाकांवर आणि खालच्या पट्टीवर भीमाकाठच्या काळ्या मातीची धूळ हवी. ही माती सुकली की करडी-तपकिरी होते, लाल नव्हे. पाण्याच्या टाकीच्या तोंडापासून खाली क्षारांचे बारीक पांढरे ओघळ काढले, की इंजिन कामावरचं वाटू लागतं.

जोडणी करताना चाकांच्या कडा, आसांची भोकं आणि घासणाऱ्या तारा यांवरचा रंग खरवडून काढावा, नाहीतर वीजच पोचणार नाही. आसांना सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब द्यावा. 12 व्होल्टच्या निम्म्या दाबाने दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास, डब्यांविना चालवावं. ठेवताना फोम टाळावा. उन्हाळ्याच्या उष्णतेत तो काही वर्षांत चिकट होतो आणि त्याची जाळी रंगावर उमटते. मऊ सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलेलं इंजिन जास्त सुरक्षित राहतं.