कोलकात्याचा सूर्य आणि आपले वेळापत्रक

सम्मेदशिखरजींची वंदना करून परतताना दोन-तीन दिवस कोलकात्यात मुक्काम करावा, तेथील जिनमंदिरांचे दर्शन घ्यावे आणि बडाबाजारात मालाची चौकशीही करून यावी, असा बेत आपल्यापैकी अनेक कुटुंबे चातुर्मास संपताच आखू लागतात. पारसनाथ स्थानकापासून हावडा सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. तिकिटे, मुक्काम, खरेदीची यादी यांची तयारी सर्वजण करतात. एक गोष्ट मात्र बहुधा ध्यानात येत नाही, ती म्हणजे तेथील सूर्यास्ताची वेळ.

संपूर्ण भारताचे घड्याळ एकच असले, तरी सूर्य एकाच वेळी मावळत नाही. कोलकाता मुंबईच्या पूर्वेस सुमारे १५ अंशांवर आहे आणि एका अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कोलकात्यात त्या दिवसांत ४ वाजून ५० मिनिटांनीच सूर्यास्त होतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, भोजन आटोपण्याचा नियम ज्या घरांत आहे, त्यांचे ताट चारच्या सुमारास उचलले गेले पाहिजे. सकाळी मात्र हाच फरक सोयीचा ठरतो. सूर्योदय सहाच्या आसपास होत असल्याने नवकारसी पावणेसातनंतर लगेच पारता येते. मुंबईत त्यासाठी पावणेआठ वाजतात.

अडचण येते ती बाजारामुळे. बडाबाजारातील घाऊक पेढ्या सकाळी उशिरा गजबजतात आणि सौद्यांना खरा रंग संध्याकाळी चढतो. कापडाच्या कटऱ्यांत नमुने पाहता पाहता चार कधी वाजले, हे कळत नाही. बाहेर पडावे, तर हातगाड्या, हमाल आणि मोटारी यांच्या गर्दीतून अर्धा किलोमीटर जाण्यासही बराच वेळ लागतो. शहरातील अनेक एकेरी रस्त्यांची दिशा दुपारी बदलते. त्यामुळे सकाळी ज्या मार्गाने आलो, त्याच मार्गाने टॅक्सी परत नेईल याची शाश्वती नसते.

म्हणून दिवसाची आखणी घड्याळापेक्षा सूर्यावरून करावी. नवकारसीनंतर सकाळचा वेळ दर्शनासाठी राखावा. उत्तर कोलकात्यातील शीतलनाथ भगवंतांचे मंदिर रायबहादूर बद्रीदास या जवाहिऱ्यांनी १८६७ मध्ये उभारले. काच आणि आरसे यांच्या जडावकामामुळे ते प्रसिद्ध आहे. बेलगाछियाचे दिगंबर पार्श्वनाथ मंदिर मेट्रोने गाठता येते. दर्शन आटोपून अकराच्या सुमारास बाजारात जावे आणि तीन वाजता, सौदा अपुरा असला तरी, उठावे. कार्तिकी पौर्णिमेला बडाबाजारातून मोठी रथयात्रा निघते. तिचे दर्शन भाग्याचे असले, तरी त्या दिवशी व्यापाराचे काम ठेवू नये; रविवारीही बहुतेक घाऊक दुकाने बंद असतात.

मुक्काम ठरवताना खोलीच्या सोयींआधी भोजनशाळेची वेळ विचारावी. ‘जैन भोजन मिळेल’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. ‘चार वाजता ताट वाढाल का?’ असे स्पष्ट विचारावे. बाहेरच्या पदार्थांबाबतही सावध असावे. पाणीपुरीला तेथे फुचका म्हणतात आणि तिच्या सारणात बटाटा असतो. कचोरीबरोबरची भाजीही बहुधा बटाट्याचीच असते. खाकरे, सुकामेवा, भाजलेले चणे सोबत असले, तर मुलांची आबाळ होत नाही.

सर्वांत अधिक काळजी घरातील वडीलधाऱ्यांची घ्यावी. चौविहार करणाऱ्या आजीने पाचच्या आत शेवटचे पाणी घेतले, तर नवकारसीपर्यंत चौदा तास होतात. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी त्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवून घ्याव्यात. चौविहाराऐवजी पाण्याची मोकळीक असलेला तिविहार त्या दिवसांपुरता घ्यावा का, हे साधू-साध्वीजींना विचारावे. नियमाचा भार शरीराला असह्य होऊ नये आणि गैरसोयीचे निमित्त होऊन नियमही सुटू नये, यासाठी हा विचार घरी बसूनच व्हायला हवा. अनोळखी शहरात, मावळत्या उन्हात, थकल्या जिवाला तो सुचत नाही.

यजमान व्यापारी प्रेमाने रात्रीच्या जेवणाचे निमंत्रण देतात. ऐनवेळी नकार दिला, तर दोघांनाही अवघडल्यासारखे होते. पहिल्या दूरध्वनीतच ‘आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही, दुपारी आपल्याकडे अवश्य येऊ’ असे सांगावे. बडाबाजारात राजस्थानातून आलेल्या व्यापारी घराण्यांच्या पिढ्या नांदल्या आहेत. तेथे हा नियम समजावून सांगावा लागत नाही. तो ऐकून बहुतेक पेढ्यांवर आदरच वाढतो.

घरातील भिंतीवरच्या पंचांगात आपल्या गावच्या वेळा असतात. म्हणून निघण्यापूर्वी कोलकात्याच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा एका कागदावर उतरवून तो तिकिटांसोबत ठेवावा. त्या वेळा पाळल्या, तर भोजन आटोपूनही पाच ते आठ हा संध्याकाळचा मोठा अवधी हाती राहतो. आरती आणि प्रतिक्रमण करूनही अपुऱ्या राहिलेल्या सौद्यासाठी पुन्हा पेढीवर जाता येते.