स्वादुपिंडाचा कर्करोग : ‘फेज वन’ चाचणीत नेमके काय तपासतात?

कोल्हापूर : गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. हा आजार बहुतेकदा पसरल्यावरच लक्षात येतो. मग शस्त्रक्रिया शक्य नसते, भिस्त औषधांवर राहते.

एकत्र औषधे कशासाठी?
फ्रान्समधील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ‘फॉल्फिरिनॉक्स’ या चार औषधांच्या उपचारात निम्मे रुग्ण ११.१ महिन्यांहून अधिक जगले; एकट्या जेमसिटाबीनवर ६.८ महिन्यांहून अधिक. मात्र दुष्परिणामही वाढले.

पहिल्या टप्प्यात काय होते?
मुख्य प्रश्न आजार बरा होतो का, हा नसतो. किती डोस झेपतो, हा असतो. प्रचलित पद्धतीत तिघांना कमी डोस देतात. गंभीर त्रास नसेल तर पुढच्या तिघांना जास्त. एकाला त्रास झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला तर डोस वाढवणे थांबते.

सही करण्यापूर्वी काय विचाराल?
चाचणीचा टप्पा कोणता? ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत तिची नोंद आहे का? चाचणीमुळे इजा झाल्यास २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचार मिळतात. रुग्ण कधीही बाहेर पडू शकतो. नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत.