जपानमध्ये आमचे बिऱ्हाड

मुंबईहून निघताना वस्तीतल्या विहारात निरोपाचा छोटा कार्यक्रम झाला. सर्वांचे एकच म्हणणे होते, "बुद्धाच्या देशात चाललात, नशीब काढलेत." नशिबावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही, ते सोडा, पण बुद्धाच्या देशात जात आहोत, हे आम्हीही धरून चाललो होतो. आता टोकियोत बिऱ्हाड करून चौथे वर्ष चालू आहे. नोकरी संगणकाची, मुलगा इथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत. जे पाहिले ते आपल्या वाचक कुटुंबांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो तो निशी-कासाई भाग एदोगावा वॉर्डात येतो. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय माणसे इथे राहू लागली. आज इथे तूरडाळ, हिंग, पोहे सगळे मिळते. पहिल्या दिवशी जपानी शेजारणीने आमचे नाव विचारले, जिभेवर बसेपर्यंत दोनदा म्हणून पाहिले, त्यापुढे 'सान' जोडले आणि कचऱ्याचे वेळापत्रक हाती दिले. झाली ओळख! आपल्या देशातल्या एका बाईंनी मात्र दुसऱ्या भेटीत आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि मग विचारले, "गावात नेमकं कुठे?" हा शेवटचा प्रश्न कशासाठी असतो, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आम्ही सांगितले, बौद्ध. त्यानंतर त्यांच्याकडून हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. आम्ही जाणारही नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

इथला कचरा हा एक अभ्यासक्रमच आहे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा. प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी चिठ्ठी लावून तिथेच सोडून जातात. पेला फुटला तर काच कागदात गुंडाळून वर 'धोका' असे लिहावे लागते, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाताला लागू नये. आमची आई एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी आली, तेव्हा तिला हे सर्वांत आधी पटले. आई सत्तावीस वर्षे सफाई खात्यात होती. तिच्या तळहातावर दोन वण आहेत, दोन्ही दुसऱ्याच्या घरच्या काचेचे.

तीच आई नातवाच्या शाळेत मात्र हादरली. पालकांनी वर्ग पाहण्याचा दिवस होता. जेवण झाले. जेवणही मुलेच पांढरे एप्रन घालून एकमेकांना वाढतात. मग घंटा झाली आणि आमचा मुलगा गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने व्हरांडा पुसू लागला. आईने आमचा हात घट्ट धरला. "याला कुणी लावलं हे? आपलं कळलं वाटतं हितं."

आम्ही तिला पुढे नेले. बाकीची मुलेही पुसत होती. एक मुलगी फळा धूत होती, दोघे जण झाडू मारत होते, आणि त्यात आमच्या इमारतीतल्या डॉक्टरांचा मुलगाही होता. बाई स्वतः बाके सरकवत होत्या. हे रोजचे काम असते आणि त्याच्या पाळ्या लागतात. आई काही बोलली नाही. झाडू आपल्या मुलांच्या हाती येऊ द्यायचा नाही, या एका हट्टापायी तिने आम्हाला शिकवले होते. रात्री भाकरी थापता थापता तिने विचारले, "लहानपणी सगळेच झाडतात, हे ठीक. पण मोठेपणी हितं गटारात कोण उतरतं?"

आजच्या कामाचे उत्तर सोपे होते: यंत्र आहे, गणवेश आहे, पगार आहे. पण जुन्या काळचे उत्तर शोधायला गेलो आणि बुराकू समाजाचा इतिहास हाती लागला. तोकुगावा राजवटीत मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे, फाशीच्या जागी काम करणारे लोक विटाळाचे मानले जात. त्यांची वस्ती वेगळी, लग्ने आपापसातच. १८७१ साली सरकारने हुकूम काढून हा दर्जा रद्द केला, पण हुकुमाने मन बदलत नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात या लोकांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली. म्हणजे आमच्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी! १९७५ साली उघडकीस आले की, या वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. नोकरीला आलेला उमेदवार 'गावात नेमका कुठला', ते पाहण्यासाठी. २०१६ साली या भेदभावाविरुद्ध कायदा झाला.

यात आम्हाला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. इथे माणूस मेल्यावर बौद्ध मंदिरातून त्याला नवे नाव मिळते. बुराकू माणसांना अनेक ठिकाणी अशी नावे दिली गेली की, त्यांत 'पशू' अशा अर्थाची अक्षरे होती, आणि ती थडग्यावर कोरली. बुद्धाच्या मंदिरातून! पुढे पंथांनी माफी मागितली, अक्षरेही बदलली. सुइहेइशाच्या जाहीरनाम्याचे लेखक साइको मानकिची हे स्वतः अशाच वस्तीतल्या बौद्ध मंदिराच्या पुरोहिताचे चिरंजीव होते, हेही सांगितले पाहिजे. आईला हे सारे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "मग बाबासाहेबांनी उगाच वीस वर्षं विचार केला होता का?"

त्यानंतर आम्ही मंदिरे पाहिली, ती जरा डोळे उघडे ठेवून. टोकियोतल्या सर्वांत जुन्या सेन्सोजी मंदिरात नळकांडे हलवून काडी काढायची आणि त्या क्रमांकाची भविष्याची चिठ्ठी घ्यायची, अशी पद्धत आहे. शेजारच्या जपानी आजींनी आग्रहच केला. आईची चिठ्ठी अशुभ निघाली. "आपल्याकडचा पोपटवाला बरा, तो चांगलं तरी सांगतो," असे म्हणून ती हसत सुटली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला त्या चिठ्ठीचे भय कसले? चार पावलांवर कुणी ताईत घेत होते. बेंझाइतेन नावाची वीणाधारी देवी अनेक ठिकाणी दिसते. ती म्हणजे आपल्याकडची सरस्वतीच.

नारा शहरातल्या तोदाइजीत मात्र आम्ही तिघेही बराच वेळ उभे राहिलो. सुमारे पंधरा मीटर उंचीची ब्राँझची बसलेली बुद्धमूर्ती. ७५२ साली तिचे डोळे रंगवण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूने केला. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या. आईला ही दोऱ्यांची गोष्ट फार आवडली. तिने ती फोनवरून वस्तीत तिघींना सांगितली.

शेवटी कोयासान. ओसाकाच्या नांबा स्थानकातून गाडीने गोकुराकुबाशी, तिथून केबलने चढ. वर मंदिरांचे गाव आहे आणि उंच देवदारासारख्या झाडांत लाखो थडगी. इथल्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पाऊस भुरभुरत होता. नातवाने आधी पाहिले आणि तो ओरडला, "आजी, बाबासाहेब!" आईने चपला काढल्या, छत्री आमच्याकडे दिली आणि मोठ्याने जयभीम म्हणाली. जवळून जाणारा एक जपानी विद्यार्थी थांबला, काही न विचारता कमरेत वाकला आणि पुढे गेला.

परत जाण्याच्या आदल्या आठवड्यात मुलाच्या शाळेच्या यादीत पुढच्या सत्रासाठी फरशी पुसायची दोन फडकी होती. दुकानात शिवलेली मिळतात. आईने ती आणू दिली नाहीत. आपले घरात नेसायचे जुने सुती पातळ फाडून, चार घड्या घालून, तिने हातशिलाईने तीन फडकी शिवली. मुलाने दोन फडक्यांवर काळ्या शाईने जपानी अक्षरांत आपले नाव लिहिले. बाईंनी कापड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, हे कुठले. मुलाने सांगितले, आजीचे.

तिसरे फडके आईने आपल्या बॅगेत ठेवले. त्यावरही तिने नाव लिहून घेतले आहे. वस्तीतल्या बायकांना दाखवायचे आहे म्हणाली.