ई-स्वॉट : खाकीतून चिलखतात

काय आहे? सेगा या जपानी कंपनीचा साइड-स्क्रोलिंग आर्केड गेम. साल 1989. पूर्ण नाव ‘ई-स्वॉट : सायबर पोलिस’. ‘स्वॉट’ म्हणजे अमेरिकी पोलिसांचं विशेष शस्त्रसज्ज पथक. ‘ई’ म्हणजे त्याची आणखी सुधारलेली आवृत्ती.

साइड-स्क्रोलिंग म्हणजे? पात्र बाजूने दिसतं. ते पुढे चालू लागलं, की मागचं दृश्य सरकत जातं.

खेळ कसा? सुरुवातीला आपण साधे पोलिस. अंगावर गणवेश, हातात पिस्तूल. गुन्हेगार पकडत गेलं की बढती मिळते आणि यांत्रिक चिलखत अंगावर चढतं. या खेळाची खरी गंमत इथेच आहे : शक्ती पहिल्या मिनिटाला हातात येत नाही, ती कमवावी लागते. दोघांना एकाच वेळी खेळता येतं.

यंत्र : सेगाचा ‘सिस्टिम 16’ बोर्ड. मुख्य प्रोसेसर मोटोरोला 68000, आवाजासाठी वेगळा झेड-80.

घरगुती आवृत्ती : 1990 मध्ये सेगाच्या ‘मेगा ड्राइव्ह’ या घरगुती गेमिंग यंत्रावर. उपनाव ‘सिटी अंडर सीज’. हा निव्वळ उतारा नव्हे. टप्पे नवे, चिलखतासोबत वेगवेगळी शस्त्रं आणि उडण्यासाठी जेट. मात्र खेळाडू एकच.

गल्लत नको : हा ‘रोबोकॉप’ नव्हे. तो चित्रपट 1987 चा, त्यावरचा डेटा ईस्टचा आर्केड गेम 1988 चा. रोबोकॉप निम्मा माणूस, निम्मं यंत्र. ई-स्वॉटचा शिपाई चिलखताच्या आत पूर्ण माणूसच असतो.