शैवालातले पाणी आणि विजेचे बिल

कामोठ्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळवणे ही घराघरातली चिंता असते. गॅलरीतल्या दोरीवर कुर्ते दोन-दोन दिवस लोंबकळतात, तरी कुबट वास जात नाही. म्हणून आपण कपडे आधी घट्ट पिळतो, मशीनमध्ये फिरवून घेतो आणि मगच दोरीवर टाकतो. ओलाचिंब कपडा इस्त्रीने वाळवायला कोणी बसत नाही.

शैवालाच्या धंद्याचेही असेच आहे. आपल्या ओळखीतल्या काही भगिनींनी बचत गटातर्फे गच्चीवर स्पिरुलिना करण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांच्या वहीत टाकी, खत, जाळी यांचा हिशेब होता. पाणी काढण्याचा नव्हता. एकीने विचारले, "विजेने पाणी काढता येते म्हणे. मग तसे यंत्र घ्यावे का?" प्रश्न मोलाचा आहे, कारण गटाचे पैसे यातच बुडू शकतात.

आधी आकडे पाहू. टाकीतले हिरवेगार पाणी कितीही दाट दिसले, तरी एका लिटरमध्ये कोरडा माल साधारण अर्धा ग्रॅम निघतो. म्हणजे एक किलो पावडरीसाठी सुमारे २००० लिटर पाणी गाळावे लागते. गाळून, दाबून जो लगदा हाती येतो, त्यातही पाणीच जास्त असते. १०० ग्रॅम लगद्यात २० ग्रॅम माल असेल, तर एक किलो पावडरीमागे चार किलो पाणी वाळवावे लागते. माल १० ग्रॅमच असेल, तर नऊ किलो! उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करायला कमीत कमी ०.६३ युनिट वीज लागते. पहिल्या लगद्याला अडीच युनिट, दुसऱ्याला साडेपाचहून जास्त. शिवाय यंत्रातून वाया जाणारी उष्णता वेगळीच.

म्हणून नियम एकच: जेवढे पाणी पाण्याच्या रूपातच काढता येईल तेवढे आधी काढावे, वाफेवर शेवटचे थोडेच सोडावे.

हे शहाणपण नवे नाही. आफ्रिकेतल्या चाड सरोवराच्या काठी राहणाऱ्या कानेंबू समाजातल्या मुस्लिम स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या स्पिरुलिना गोळा करतात. वाळूत उथळ खळगे करून त्यात त्या हा दाट रस ओततात. बरेचसे पाणी वाळू शोषून घेते आणि उरलेले ऊन नेते. तयार झालेल्या वड्यांना 'दिहे' म्हणतात. कालवणात त्या घालतात.

आता विजेकडे वळू. स्पिरुलिनाचे धागे लांब असतात, ते बारीक कापडावर अडकतात. पण क्लोरेलासारख्या शैवालाची गोल पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. ती कापडातून निसटते किंवा कापडाची छिद्रे बुजवते. अशा लगद्यावर कितीही दाब द्या, पाणी आतच अडकून राहते.

इथे वीज कामी येते. शैवालाच्या पेशीवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे तिच्याभोवतीच्या पाण्यात धन भाराचे कण जमतात. लगद्याच्या दोन्ही बाजूंना पत्रे लावून बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह सोडला, की हे कण ऋण पत्र्याकडे सरकतात आणि पाण्यालाही ओढून नेतात. छिद्र बारीक असले तरी ही ओढ कमी होत नाही. दाबाला जिथे हार मानावी लागते तिथे ती चालते. हा गुणधर्म रॉइस या शास्त्रज्ञाने १८०९ मध्ये ओल्या मातीवर दाखवला होता. पुढे चिखलाची जमीन घट्ट करण्यासाठी अभियंत्यांनी तो वापरला. सांडपाण्याचा गाळ सुकवण्यासाठीही ही पद्धत वापरतात.

मग भगिनींनी यंत्र घ्यावे का? आमचे उत्तर: स्पिरुलिनासाठी नाही. कारणे दोन. पहिले, स्पिरुलिना खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात वाढते. अशा पाण्यातून वीज भराभर वाहते, पण तिचा मोठा भाग पाणी ढकलण्याऐवजी लगदा तापवण्यात जातो. दुसरे, विजेची आणखी एक पद्धत आहे. तिच्यात ॲल्युमिनियमचे किंवा लोखंडाचे पत्रे थोडे थोडे विरघळतात, पेशींचे गठ्ठे बांधतात आणि बुडबुडे ते वर आणतात. सांडपाण्यातले शैवाल काढायला ती उत्तम. पण धातूचा अंश मालात उतरतो. आपल्या मुलांच्या पोटात जायच्या वस्तूला ती नको.

गटाला हवे ते सोपे आहे. बारीक कापड, चक्का बांधतो तशी पुरचुंडी, वर हाताने दाबायचा स्वच्छ दाबयंत्र, आणि काचेचा सौर वाळवणी पेटारा. पावसाळा सरल्यावरच सुरुवात करावी. कामोठ्याच्या दमट हवेत श्रावणात लगदा वाळण्याआधी नासतो.

पैसे गुंतवण्याआधी एक चाचणी घरीच करा. दाबलेला लगदा १०० ग्रॅम तोला, पातळ पसरून पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. २० ग्रॅमच्या आसपास उरले, तर पुढचा हिशेब मांडायला हरकत नाही. १० ग्रॅमच उरले, तर आधी दाबणे सुधारा. नाहीतर कमाई विजेच्या बिलातच जाईल.